हिरव्या चोळीचं गिऱ्हाईक

शेवंता टाचण्या ओठांत धरून बोलते. बोलताना टाचणी पडत नाही आणि शब्दही अडत नाही. गळ्यात कात्री लटकत असते, तरी दोरा ती दातांनीच तोडते. गिऱ्हाइकांची नावं तिला आठवत नाहीत, अंगं आठवतात. रस्त्यात कुणी नमस्कार केला की "जय भीम" म्हणून पुढे जाते आणि मग पुटपुटते, "उतरता खांदा. मागून खोल गळा." चहा बशीत ओतून पिते आणि बशी मशीनवर कधीच ठेवत नाही. राग आला की मशीनला तेल देते. रेडिओवर नागपूरचं हवामान ऐकते, जबलपूरचं नाही. ते खिडकीतून दिसतं म्हणते. कपडा कधी मिळेल असं विचारलं की "उद्या" म्हणते, आणि म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत असं बघते की माणूस विश्वास ठेवून घरी जातो.

या "उद्या"मुळेच पद्मजा तिला भेटली.

पद्मजा तेव्हा चोवीस वर्षांची होती. जबलपूरच्या मदन महल भागात राहायची. नागपूर विद्यापीठाची मराठीची एम.ए. तिने बाहेरून केली होती. घराणं भोसल्यांच्या चाकरीत इकडे आलेलं, पण घरात मराठी आता फक्त सणावाराला आणि भांडताना निघायची. नोकरी लागत नव्हती, लग्न जमत नव्हतं. मुलगा बघायला येणार म्हणून तिने एक ब्लाउज शिवायला टाकलं. मुलगा आला, पोहे खाऊन गेला, त्याचं दुसरीकडे लग्नही झालं. ब्लाउज उद्याच मिळणार होतं. रोज लूना घेऊन महाराजपुरपर्यंत यायचं आणि शेवंताच्या पुढच्या खोलीत वाट बघत बसायचं. बसल्या बसल्या ती दुसऱ्यांच्या ब्लाउजांना हुक लावायला शिकली. शेवंता तिला "एमे" म्हणायला लागली. म्हणजे एम.ए.

"एमे, हुक उलटा लावला तू. बाई घालन कशी? भिंतीले पाठ घासून?"

असं ते चाललं होतं. सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णव.

शेवंता त्या वेळी एक्केचाळीस वर्षांची होती. नवरा गुलाबराव फॅक्टरीत. मुलगी अंजनी लग्न होऊन भंडाऱ्याला गेली होती, मुलगा नीलकंठ भोपाळला शिकत होता. घरात उरल्या सासूबाई, कुसुमबाई. सत्तरीच्या, काटक, कानांनी तिखट. शेवंता त्यांना आत्याबाई म्हणायची. महाराजपुरच्या नाक्यावर एक गाळा नुकताच ठरला होता. मशीन तिथे जाणार होती. "शेवंता लेडीज टेलर" अशी पाटी रंगवायला दिली होती, आणि पेंटरसुद्धा तिला "कल" म्हणत होता. आपल्याच औषधाची चव तिला पहिल्यांदा कळत होती.

जबलपूरच्या मराठी वस्तीत शेवंताला एका गोष्टीसाठी फार मान होता. ती म्हणजे चोरचोळी. सुनेला दिवस गेले की तिसऱ्या महिन्यात सासू तिला गुपचूप एक हिरवी चोळी देते. ती चोळी अंगावर आली की बातमी पक्की. मग शेजारणी येतात, माहेरी पत्र जातं, विहारातल्या बायका हळूच पोटाकडे बघतात. तोपर्यंत सगळं चोरून. सुनेचं माप घ्यायचं नाही. दोरीवरचं तिचं एखादं जुनं ब्लाउज उचलायचं, वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि घराबाहेरच्या हाताने शिवून घ्यायचं. हा बाहेरचा हात बहुतेक वेळा शेवंताचा असे. कोण गरोदर आहे हे नवऱ्याच्या आधी तिला कळायचं. आणि तिच्या तोंडून ते कधी फुटलं नाही. टाचण्या होत्याच ना तोंडात.

कुसुमबाईंनी दीक्षेनंतर देव सोडले होते, उपास सोडले होते, अंगारेधुपारे सोडले होते. चोळी मात्र सोडली नव्हती. कुणी टोकलं तर म्हणायच्या, "चोळी काही देव नाही बा. कापड होय."

एका दुपारी शेवंता बड़ा फुहाऱ्याच्या बाजारातून गठ्ठा घेऊन आली. तिथल्या रामकृष्ण मास्टरचं दुकान आरशांचं, पंख्यांचं. बायका तिथे थाटात माप देऊन यायच्या. मास्टर कापायचा आणि शिवणीचं काम बाहेर द्यायचा. पाटी मास्टरची, टाका शेवंताचा. हे गिऱ्हाइकांना ठाऊक नसे, आणि मास्टर ते ठाऊक होऊही देत नसे.

पद्मजा हुकांची डबी घेऊन बसली होती. शेवंताने गठ्ठा सोडला. वर्तमानपत्राची एक पुडी निघाली. हिरवं खणाचं कापड, या वेळी न कापलेलंच, आणि मापाला एक जुनं ब्लाउज.

"चोरचोळी," पद्मजा म्हणाली. एवढं तिला आता समजत होतं.

शेवंताने ब्लाउज उलटं केलं. काख पाहिली, अस्तर पाहिलं. मग ते पद्मजाकडे फेकलं.

"टाका पाह्य, एमे."

"चांगला आहे."

"चांगलाच राहीन. माझा होय."

"तुम्ही शिवलेलं?"

"म्या शिवलेलं, म्याच घातलेलं. काल दोरीवरून गेलं. मले वाटलं माकडानं नेलं."

आणि ती हसायला लागली. टाचण्या तोंडातून काढून तळहातावर घेतल्या, मग हसली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. पद्मजा बघत राहिली.

"आत्याबाई गेली असन रिक्षा करून. म्हटलं असन, सुनेच्या हातचं नको, बाहेरचा हात पाहिजे, तं सगळ्यात मोठ्या दुकानात टाकावं. आन् आलं कुठं? तिच्याच घरात!"

"पण ताई, मग... म्हणजे तुम्ही..."

"हो."

"आत्याबाईंना कसं कळलं?"

"मशीनच्या तेलाचा वास सहन नाही होऊन राहिला. नाकाले पदर लावून तेल देत होती. तिनं पाहिलं असन. म्हातारीच्या डोळ्यातून मुंगी सुटत नाही."

पद्मजाने पुस्तकात लिहिल्यासारखं केलं. पुढे झाली, शेवंताचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "अभिनंदन!"

शेवंताने हात सोडवून घेतला. तेलाची कुपी उचलली. नाकाला पदर लावला आणि मशीनला तेल द्यायला लागली. बराच वेळ दिलं. जिथे तेलाची गरज नव्हती तिथेही दिलं.

"मले नको हाय," ती म्हणाली.

पद्मजा खाली बसली. तिच्या अभ्यासक्रमात अशा बायका होत्या. त्या विहिरीच्या काठावर उभ्या राहायच्या. त्या उशीत तोंड खुपसून रडायच्या. त्यांना मारणारा नवरा असायचा, नाहीतर असाध्य आजार, नाहीतर भाकरीची भ्रांत. इथे गुलाबराव होते, जे मुंगीलाही सरक म्हणून सांगायचे. भाकरी होती. शेवंता ठणठणीत होती.

"का पण? काही त्रास आहे का?"

"नाही."

"मग?"

"नको. माप नाही बसत आता. दोन केले, मोठे केले, गेले. आता पाटी लावाची हाय."

"एवढंच कारण?"

शेवंताने वर पाहिलं. "एवढं कमी हाय काय, एमे?"

पद्मजाने एक हुक लावला. तो उलटा लागला.

चोळी पौर्णिमेला अंगावर चढवायची, असं कुसुमबाईंनी ठरवलं होतं. मास्टरच्या चिठ्ठीवर तसं लिहिलं होतं: "पूर्णिमा से पहले, अर्जेंट." एकदा चोळी चढली की संपलं. मग वस्तीची दहा तोंडं बोलणार, भंडाऱ्याला पत्र जाणार, अंजनी माहेरी धावत येणार. मग शेवंताचं पोट शेवंताचं राहणार नव्हतं. म्हणून पौर्णिमेच्या आत काय ते व्हायला हवं होतं. आणि चोळी शिवून होईपर्यंत ती चढवता येत नव्हती.

चोळी शिवणारी शेवंताच होती.

पुढचे दिवस पद्मजाने आयुष्यभर पुरतील असे पाहिले. कुसुमबाई सकाळी नऊवारी नेसून "विहारात जातो" म्हणून निघायच्या आणि रिक्षाने बड़ा फुहाऱ्याला जायच्या. तिथे मास्टर हात जोडून म्हणायचा, "अम्मा, कल पक्का." दुपारी मास्टरचा निरोप महाराजपुरला यायचा, "दीदी, वो हरा वाला कब?" शेवंता सांगायची, "काज बाकी है भैया. कल." संध्याकाळी कुसुमबाई घरी यायच्या, घामाघूम, लाल. आणि तक्रार करायला घरात एकच माणूस असे.

"हे टेलर लोक लई लबाड असतात बा!"

"हो ना आत्याबाई."

"कल म्हणते, कल म्हणते. कल काही येत नाही."

"काय शिवाले टाकलं आत्याबाई?"

"काही नाही. माहा... उशीचा अभ्रा."

"अभ्र्याले एवढा टाइम? आणा हिकडं, मी शिवून देतो."

"नको नको! तू आराम कर. दमून राहिली तू आजकाल."

शेवंता मान खाली घालून पायडल मारायची. तिच्या मांडीवर, दुसऱ्या कुणाच्या परकराखाली, तो हिरवा खण असायचा. पद्मजा ओढणी तोंडात कोंबून मोरीत जायची.

दरम्यान दवाखाना बघायला हवा होता. पहिला दवाखाना शेवंताच्या एका गिऱ्हाइकाने सांगितला. काचेची दारं, आत मत्स्यालय. काउंटरवरचा माणूस केस विंचरत होता.

"हस्बैंड साथ में हैं?"

"नाही. काहून?" शेवंता म्हणाली. मग हिंदीत म्हणाली, "क्यों?"

"साइन लगेगा उनका."

"काम मेरा है, साइन उनका?"

"नियम है, दीदी."

शेवंताने काउंटरवर दोन्ही कोपर टेकवले. समजावणीच्या सुरात ती म्हणाली, "भैया, मैं टेलर हूं. कोई बाई ब्लाउज सिलाने आए और मैं बोलूं कि पहले आदमी को लाओ, उसका नाप लूंगी. तो ब्लाउज किसको बैठेगा?"

माणसाचा कंगवा थांबला. बाकावरच्या दोन बायका हसल्या.

आता आपलं काहीतरी कर्तव्य आहे, असं पद्मजाला वाटलं. ती पुढे आली आणि शुद्ध हिंदीत बोलली. नारी की अस्मिता. देह पर स्वयं का अधिकार. सदियों का मौन. बोलताना तिचा आवाज भरून आला. माणसाने सगळं ऐकून घेतलं.

"तो आप पति हैं?" त्याने विचारलं.

बाहेर आल्यावर शेवंता म्हणाली, "चांगलं बोलली तू. काय बोलली ते समजलं नाही, पण चांगलं बोलली."

दुसरा दवाखाना मदन महलच्या बाजूला होता. तो डॉक्टर विनता चालवायच्या, सरकारची मान्यता भिंतीवर टांगून. बाई मराठी, पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. अडचण एकच होती. मदन महल पद्मजाचा मोहल्ला. तिने ओढणीने डाकूसारखं तोंड बांधलं आणि कोपऱ्यात बसली. लग्न न झालेली मुलगी, आणि या दवाखान्यात. कोण काय समजेल? तिने ओढणीची गाठ आणखी घट्ट केली. मग तिच्या लक्षात आलं की सदियों का मौन वगैरे म्हणणारी आपणच होतो. तिने ओढणी खाली केली. आणि नेमक्या त्याच वेळी आईची मैत्रीण इंदिरामावशी बीपी दाखवून बाहेर आली.

"अगंबाई, पद्मजा! तू इथे?"

"ब्लाउजचं माप द्यायला," पद्मजा म्हणाली.

इंदिरामावशी तिच्याकडे बघत बघत दारापर्यंत गेली.

"हे काय बोलली तू?" शेवंताने विचारलं.

"तुम्ही टेलर, मी गिऱ्हाईक. खरंच तर आहे."

"आता तुह्या आईले काय सांगशीन?"

"उद्या बघू."

डॉक्टर विनतांनी तपासलं, दिवस धरले. आठवा आठवडा. मग कागद पुढे ओढला.

"नवरा नाही आला मॅडम," शेवंताने आधीच सांगून टाकलं.

"मी विचारलं का?"

"तिकडं काचवाले मागून राहिले होते. सही."

"मागतात. सवय लागली आहे. कायदा एकाहत्तर सालचा आहे, इतक्या वर्षांत कुणी वाचला नाही. अठराच्या वरची बाई, डोकं ठिकाणावर असलेली, तिची एकटीची सही पुरते. नवऱ्याची नको, सासूची नको." त्यांनी चष्म्यावरून पद्मजाकडे पाहिलं. "मैत्रिणीचीही नको."

"डोकं ठिकाणावर हाय हे कोन सांगन?"

"दिसतंय मला. आता कारण सांगा. काय लिहू?"

"नको हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हीच गंमत आहे. सही तुमची चालते, पण कारण मला पटावं लागतं. आणि 'नको' हे कारण कायद्यात नाही."

"मंग काय काय हाय?"

"बाईच्या जिवाला किंवा तब्येतीला धोका. जबरदस्ती झालेली. बाळात दोष. नाहीतर लग्न झालेल्या बाईचं साधन फसलं."

पडद्याचे नमुने बघावेत तसं शेवंताने ऐकलं. "शेवटचं द्या."

"कोणतं साधन होतं?"

"निरोध. आणाले गुलाबराव जात. ते वापरत बी होते. मंग एक दिवस दुकानात ओळखीचा माणूस निघाला, तं हे लाजून खोकल्याच्या गोळ्या घेऊन आले. घरी पुडीत एक जुना पडला होता. तो फाटला."

डॉक्टर विनतांचा चेहरा हलला नाही. फक्त खांदे जरा हलले. त्यांनी लिहिलं. मग म्हणाल्या, "मुली, तू बाहेर बस. एक प्रश्न यांना एकटीला विचारायचा आहे."

पद्मजा बाहेर गेली. तिला वाईट वाटलं. मग तिला बरं वाटलं. रस्त्यावर येऊन तिने विचारलं, "काय विचारलं?"

"कोनी जबरदस्ती तं नाही ना केली, असं. म्या म्हटलं, मॅडम, अजून घरात कोनाले सांगतलंच नाही, जबरदस्ती कोन करन?"

त्या संध्याकाळी शेवंताने गुलाबरावांना सांगितलं. कसं सांगितलं ते तिने दुसऱ्या दिवशी हुक मोजता मोजता पद्मजाला ऐकवलं. ते दाढीचं पाणी गरम करत होते. ती म्हणाली, "मी विचारून नाही राहिली. सांगून राहिली." त्यांनी स्टोव्ह बंद केला. बराच वेळ पाण्याकडे बघितलं. मग विचारलं, "तुले त्रास होईन?" ती म्हणाली, थोडा. मग विचारलं, "आईले कोन सांगन?" ती म्हणाली, तू. तेव्हा गुलाबराव ते दाढीचं पाणीच प्यायले.

ठरलेल्या दिवशी गुलाबराव सुट्टी टाकून दवाखान्यात आले. इस्त्रीचा शर्ट घालून. खिशाला नवीन पेन. ते पद्मजाशेजारी बाकावर बसले. नर्स येताजाता दिसली की अर्धे उठायचे. एकदा त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला सही करून पाहिली. नीट आली.

"काका, पेन कशाला?" पद्मजाने विचारलं.

"लागते ना. सही."

"नाही लागत. त्यांचीच चालते."

"अच्छा." त्यांनी पेनाचं टोपण बंद केलं. थोड्या वेळाने म्हणाले, "पन कोनी मागितली तं हाय आपल्याजवळ."

कुणीही मागितली नाही.

दुपार टळल्यावर शेवंता बाहेर आली. हळू चालत होती. चेहरा उतरला होता, पण पदर नीट होता. ऑटोत बसताना गुलाबरावांनी विचारलं, काय आणू. ती म्हणाली, खोव्याची जलेबी. ऑटो बड़ा फुहाऱ्याला वळवला. काळी, जाड, तुपात निथळणारी जलेबी कागदावर आली.

पद्मजा तिच्याकडे बघत होती. ती वाट बघत होती. शेवटी तीच म्हणाली, "रडायचं असेल तर रडा, ताई."

"थांब. गरम हाय तोवर खाऊ दे."

एक खाल्ली. दुसरी उचलली तेव्हा हात जरा थांबला. ती रस्त्यापलीकडच्या मास्टरच्या दुकानाकडे बघत होती, की कुठेच बघत नव्हती, ते पद्मजाला कळलं नाही. मग तिने दुसरीही खाल्ली. बोटं गुलाबरावांच्या इस्त्रीच्या शर्टाला पुसली.

आईला सांगायचं काम गुलाबरावांकडे होतं. शेवंता रोज विचारायची. ते रोज म्हणायचे, उद्या.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कुसुमबाई शेवटचं बड़ा फुहाऱ्याला गेल्या. या वेळी त्यांनी मास्टरच्या दुकानात बैठक मारली. चोळी घेतल्याशिवाय उठत नाही म्हणाल्या. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. मास्टर तासभर टिकला. मग त्याचा धीर सुटला.

"अम्मा, मेरे पास है ही नहीं! वो तो महाराजपुर वाली शेवंता दीदी के पास है. सिलाई वही करती हैं. आप उन्हीं से मांगो!"

कुसुमबाई घरी आल्या तेव्हा पद्मजा काजं करत होती. तिने त्यांचा चेहरा पाहिला आणि चप्पल शोधायला लागली.

"बस तिथंच," कुसुमबाई म्हणाल्या. "तू बी शामिल होती." मग सुनेकडे वळल्या. "माही चोळी."

शेवंताने मशीन थांबवली. परकराखालून हिरवा खण काढून समोर ठेवला. अंग झालं होतं, गळा झाला होता, एक बाही लागली होती. दुसरी नव्हती.

"आत्याबाई, हे गिऱ्हाईक आता येणार नाही."

कुसुमबाई समजल्या. त्या वेताच्या मोढ्यावर बसल्या. रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला.

"गुलाबले ठावूक हाय?"

"हाय. तुमाले सांगणार होता. उद्या."

"मले काहून नाही सांगतलं तू?"

"तुमाले चोळी शिवाची होती. मले नव्हती घालाची. सांगतलं असतं तं तुम्ही रडल्या असत्या. तुम्ही रडल्या असत्या तं म्या घातली असती."

हे शेवंताने साध्या आवाजात सांगितलं. पद्मजाच्या हातातलं काज तसंच राहिलं. आठवडाभर ती एक मोठं कारण शोधत होती, आणि या घरातली खरी भीती तिला आता दिसली. मार नव्हता, शिवी नव्हती. एक म्हातारी रडेल, एवढीच ती होती.

"सही कोनाची घेतली?" कुसुमबाईंनी विचारलं.

"माही."

"एकटीची?"

"एकटीची. कायदा हाय. आपल्या नीलकंठच्या जन्माच्या आधीपासून हाय."

कुसुमबाईंनी डावा हात उघडला. उजव्या हाताच्या बोटाने त्या एक एक पेर मोजायला लागल्या. ओठ हलत होते. पद्मजाला वाटलं, महिने मोजताहेत. त्या आपली लेकरं मोजत होत्या, जगलेली आणि गेलेली.

"असं सही-गिही माह्या टायमाले असतं तं," त्या म्हणाल्या, "म्या दोनावर थांबली असती." बोट पुढे सरकलं आणि एका पेरावर अडलं. "गुलाब पाचवा."

शेवंताने मशीनवरचा दोरा दातांनी तोडला.

"त्याले ठेवला असता म्या," कुसुमबाई म्हणाल्या. थोडा विचार केला. "बहुतेक."

आधी शेवंता हसली. मग पद्मजाला आवरेना. कुसुमबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदराने नाक पुसलं.

"पन मले करमत नाही बाई. घरात आवाज नाही कोनाचा. म्हटलं, एखादं लेकरू राहीन तं भांडाले होईन."

"भांडाले माणूस पाहिजे तं गाळ्यावर या. दिवसभर बाया येतीन, कपडा कुठं हाय म्हणून."

"मंग मी काय सांगू त्याईले?"

"काय सांगाचं ते तुमाले पाठ झालं असन आता."

गाळा सुरू झाला. पाटी लागली, थोडी तिरपी. कुसुमबाई दाराशी मोढा टाकून बसतात आणि गिऱ्हाइकांना शेवंतापेक्षा मोठ्या आवाजात परत पाठवतात. पद्मजाला एका शाळेत नोकरी लागली. इंदिरामावशीने दवाखान्याची गोष्ट आईच्या कानावर घातलीच होती, म्हणून पद्मजा स्वतःच आईशी बोलली. खरं ते सगळं सांगितलं, शेवंताची परवानगी घेऊन. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने शेवंताकडे एक ब्लाउज शिवायला पाठवलं.

एकदा कुसुमबाईंनी विचारलं, "ते हिरवं कुठं गेलं? कापड चांगलं होतं. फेकाचं काय? मलेच शिव."

"तुमाले?"

"म्हातारीनं हिरवी घालू नये असं कुठं लिवलं हाय?"

तेव्हापासून ती चोळी गाळ्याच्या वरच्या फळीवर आहे. शेवंताने तिची शिवण उसवली, कुसुमबाईंच्या मापाला आत घेतली. दुसरी बाही कापली. कच्च्या टाक्याने जोडली. आता फक्त मशीन मारायची आहे, अर्ध्या घटकेचं काम. कधीमधी दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती चोळी खाली काढते, बाही मशीनच्या पायाखाली सरकवते, चाकावर हात ठेवते. मग कुणीतरी येतं. नाहीतर कुणी येत नाही, तरी ती उठते आणि चोळी घडी करून परत वर ठेवते. पद्मजाने एकदा म्हटलं, द्या, मी मारते. शेवंता म्हणाली, तुह्याकडून बाही उलटी लागन. कच्चा टाका अजून तसाच आहे.